हेमंत बोटीवर का गेला

फोन तीनदा वाजला. पहिल्या दोन वेळा मी तो कापला. समोर राई गावची एक बाई मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला बसली होती, सोबत तिच्या दोन नणंदा होत्या, आणि सौदा अशा जागी आला होता की मी नुसती नजर हलवली असती तरी मोडला असता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला आणि ओरडले, "काय आहे गं? गिऱ्हाईक आहे समोर!" पलीकडून माझी भावजय वृषाली म्हणाली, "ताई, हेमंत जिन्यात पडलाय. हलत नाहीये." मी उठले आणि चपला न घालताच रस्त्यावर आले. मागून त्या बाईचा आवाज आला, "ओ ताई, मंग हंड्याचा काय?" तिच्यावर माझा राग नाही. तिला काय माहीत. माझा राग कोणाकोणावर आहे ते मी इथे लिहिणार आहे, आणि ज्यांना मृत माणसाबद्दल फक्त गोड वाचायची सवय आहे त्यांनी पान उलटावं.

कॅप्टन हेमंत माझा धाकटा भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पन्नाशीचा. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची काही कॅप्टन म्हणून. वादळं बघितली, एकदा आग बघितली, आणि मेला कुठे, तर मीरा रोडच्या स्वतःच्या इमारतीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, हातात मटार आणि कोथिंबिरीची पिशवी घेऊन. घर सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. सुट्टीवर येऊन त्याला पाच आठवडे झाले होते. मी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला चादरीवर घेतलं होतं आणि कोणीतरी मटार गोळा करत होतं... एकेक शेंग उचलून पिशवीत भरत होतं. मला त्या माणसाचाही राग आला.

पुढचे तेरा दिवस त्या घरात माणसांची रीघ होती. आमच्याकडे भेटायला आलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. काय बोलायचं हे कळेना की तो गेलेल्याचा व्यवसाय काढतो. हेमंतच्या बाबतीत प्रत्येकाला एकच विषय सापडला होता, तो बोटीवर का गेला. एक चुलते म्हणाले, पगारासाठी, दुसरं काय. त्याचा शाळेतला मित्र म्हणाला, त्याला जग बघायचं होतं. वृषालीच्या आईने सांगितलं की काही माणसांच्या पत्रिकेतच पाणी असतं. आणि आमची सुमामावशी, वय वर्षं ऐंशी, कान गेलेले पण जीभ शाबूत, ती माझ्याकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरातल्या जाचाला कंटाळून गेलं हो पोरगं." घरात जाच करणारी दुसरी कोण होती? बाबा बोलत नव्हते, आई कोणाला उलटून बोलत नव्हती. उरले मी. तीस वर्षं हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात फिरतंय. माझ्या तोंडावर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आलं, भावाच्या फोटोला हार घातलेला असताना. मी उठून मावशीला म्हटलं, "जाच नसता तर त्या पोराने बारावीचा फॉर्म कशाने भरला असता, ते पण सांग." वृषालीने मला हात धरून आत नेलं.

आता जाच म्हणजे काय ते सांगते. बाबांची कंपनी बंद पडली आणि आम्ही गिरगाव सोडून गोडदेवला दोन खोल्यांत आलो. मी एकोणीस वर्षांची होते, हेमंत अकरा. बाबा खिडकीशी बसले ते बसलेच. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत हे मला तिथे आल्यावर कळलं, कारण दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज यायचा. एका कारखानदाराकडे जाऊन मी पोचे आलेले, पॉलिश बिघडलेले डबे मागितले. तो म्हणाला, "लडकी, ये कौन लेगा?" मी म्हटलं, वो मेरा टेन्शन. दोन पिशव्या खांद्याला लावून मी इमारतींचे जिने चढले. बायकांना डब्याचा पोचा आधी स्वतःच दाखवायचा, म्हणजे त्या दुसरा शोधत नाहीत, हे माझं मीच शिकले. पाच वर्षांत माझं दुकान होतं. लग्न केलं नाही. विचारलं कोणी तर मी सांगते, माझ्या भावात कोणी बसलं नाही.

हेमंत सोळाचा झाला तसा कॉलेजनंतर दुकानात बसायला लागला. धंद्याला तो बिनकामाचा होता. गिऱ्हाईक विचारायचं, शेवटचा भाव सांगा, आणि हा खरंच शेवटचा सांगायचा! एकदा मी एका बाईला कढईचा भाव सांगत होते तर हा मागून म्हणतो, "ताई, सकाळी तर तू कमी सांगितलास." बाई गेली. मी त्याच्या पाठीत एक घातली. तो पाठ चोळत म्हणाला, "पण मग खरा भाव कुठला?"

"समोरच्याला जो परवडतो तो."

"हे काय उत्तर झालं?"

"दुकान याच उत्तरावर चालतं. आणि दुकानावर तू जेवतोस."

हळूहळू तो शिकला, नाही असं नाही. एकदा गोडदेवच्या शाळेतल्या एक बाई शाळेसाठी डबे घ्यायला आल्या. हेमंतने सगळं दाखवलं, जाड-पातळ पत्रा समजावला, त्या तयार झाल्या. मी मागे गोदामात होते. बाहेर आले, बघितलं की सौदा पिकलाय पण फळ लहान आहे, आणि हेमंतच्या खांद्यावरून पुढे होऊन म्हणाले, "बाई, हा नवीन आहे, मी सांगते तुम्हाला." डब्यांबरोबर पाण्याची टाकी, पेले, वाढायचे डाव, सगळं गेलं. बाई खूश, मी खूश. हेमंत हातात एक डबा धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, "बघितलंस? असं करायचं." तो म्हणाला, "बघितलं." ही गोष्ट मी किती वर्षं कौतुकाने सांगत आले, माझी हुशारी म्हणून.

बारावी झाली तेव्हा मी मीरा रोडला त्याच्यासाठी दुसरा गाळा बघून ठेवला होता. बोर्डसुद्धा रंगवून घेतला, 'हेमंत स्टील सेंटर'. त्याला न सांगता, म्हटलं चकित करू. बोर्ड दुकानात आला त्या दुपारी हा म्हणाला, "ताई, मी डेक कॅडेट म्हणून जातोय. निवड झाली." डेक कॅडेट म्हणजे काय हे मला समजावून घ्यावं लागलं. जहाजावर दोन खाती असतात, इंजिनचं आणि डेकचं. डेकवाले जहाज हाकतात, माल चढवतात-उतरवतात, दिशा बघतात. कॅडेट म्हणजे त्यातला सगळ्यात खालचा. मी विचारलं, का? इथे मालक होतोयस, तिथे फरशी पुसायला का जातोयस? तो बोर्डकडे बघत म्हणाला, "मला खारी हवा मानवते." बारा महिने ज्याचं नाक चोंदलेलं तो हे मला सांगतो! मी म्हटलं, "खारी हवा पाहिजे तर राईच्या खाडीवर जाऊन बस. घरी यायला रिक्षा मिळेल." तो हसला नाही. तो गेला त्या दिवशी मी त्याला सोडायला गेले नाही. दुकान उघडं ठेवलं. बोर्ड मागच्या पत्र्याला उलटा ठोकला, पावसाचं पाणी अडवायला. पहिलं वर्षभर त्याची पत्रं आली ती आईने वाचून दाखवली. मी उत्तर घातलं नाही.

नंतर सगळं सुरळीत झालं असं जग म्हणेल. तो सुट्टीवर यायचा, दुकानात येऊन बसायचा, मी त्याला चहा पाजायची. त्याचं लग्न मीच ठरवलं, भाचीचं नाव मी ठेवलं, सई. पण दर सुट्टीत एकदा तरी मी विषय काढायची. का गेलास? आणि तो टोलवायचा. एकदा म्हणाला गणवेश आवडला. एकदा म्हणाला, तुझ्या दुकानात पंखा आवाज करायचा. मी चिडायची, तो उठून जायचा, दुसऱ्या दिवशी परत यायचा. तीस वर्षं मी या एका उत्तरासाठी त्याच्याशी घासाघीस केली, आणि त्याने शेवटपर्यंत भाव फोडला नाही.

तेराव्यानंतर उत्तनहून पास्कल आला. हेमंतचा कॉलेजातला मित्र, घरची मासेमारीची बोट. तो म्हणाला, "ताई, त्याने मला कारण सांगितलेलं. माझा बाबा समुद्रात असायचा तेव्हा मोठ्या जहाजांची आम्हाला धास्ती असायची, आमची होडी त्यांना दिसत नाही. हेमंत म्हणाला, त्या काचेमागे कोणीतरी नीट बघणारा पाहिजे की नको? मी जातो." पास्कल हे सांगताना रडला. माझं डोकं मात्र फिरलं. आईला त्याने सांगितलं होतं, पगार आणि जेवण फुकट. आईला तेच हवं होतं. वृषालीला लग्नाआधी म्हणाला, जग बघायला मिळतं. (यावर वृषाली म्हणते, "जग त्याने बघितलं. मी घड्याळातला फरक बघितला.") पास्कलला त्याच्या बापाची होडी. म्हणजे हा प्रत्येकाला, ज्याला जो परवडेल तो भाव सांगत होता! माझं दुकान सोडून गेला आणि माझा धंदा बरोबर घेऊन गेला. आणि मला मात्र पंख्याचा आवाज. मी काय इतकी फाटकी होते, की मला परवडणारं एकही कारण त्याच्याकडे नव्हतं?

याच दिवसांत सईचं प्रकरण सुरू झालं. ती अठरा वर्षांची आहे. बापासारखं तिला डेकवरच जायचंय. लेखी परीक्षा तिने हेमंत असतानाच दिली होती, आता डोळ्यांची आणि तब्येतीची तपासणी, मग एका जहाज कंपनीची मुलाखत, आणि त्या सगळ्याआधी फॉर्मवर पालकाची सही. सही करायला आता एकटी वृषाली उरली होती आणि ती करत नव्हती. ती दुकानात आली आणि मला म्हणाली, "ताई, लग्नाला बावीस वर्षं झाली. पण मोजली तर मला अकराच मिळाली. मुलगी पण अर्धी नाही घालवायची मला. ती माझं ऐकणार नाही. तुम्ही मोडा हे. तुमच्यासमोर कोणी टिकत नाही." मी म्हटलं, मोडते. मनापासून म्हटलं. मला त्या समुद्राला आमच्या घरातलं आणखी माणूस द्यायचं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी सई स्वतःच दुकानात आली. काउंटरवर चढून बसली, तिच्या बापाने कधी बसायचं धाडस केलं नसतं तशी.

"आत्या, मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. डेक ऑफिसरच का व्हायचंय? तू माझी तयारी घे."

"मी काय कंपनी आहे?"

"बाबा म्हणायचे, ताईसमोर टिकलं ते बाजारात कुठेही टिकतं."

बरं झालं, मी म्हटलं, आयती सापडली. "सांग. का?"

"पगार चांगला आहे."

"पगार बँकेत पण आहे. तिथे रविवारी घरी असशील. पुढे."

"जग बघायचंय."

"तुझ्या बाबाने जग नाही बघितलं, धक्के बघितले. बोट लागली की माल उतरवायचा, माल चढला की निघायचं. पुढे."

"मुली कमी आहेत त्या लाईनमध्ये. मला करून दाखवायचंय."

"मला दाखव. माझं दुकान घे, इथे पण मुली कमी आहेत. पुढे."

मग ती म्हणाली, "बाबांसाठी."

"रडवून सौदा करायचा नाही. तीस वर्षं बायका माझ्यासमोर रडल्यात, मी कढईच्या भावात काही सोडलेलं नाही."

ती हसली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "मग खरं सांगते. हे मुलाखतीत सांगण्यासारखं नाही. आणि तू चिडायचं नाहीस."

"मी चिडते का कधी?"

मागे बिल करणाऱ्या आमच्या शोभाताईंना खोकल्याची उबळ आली.

सईने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, जेवढं आठवतंय तेवढं. "मी अकरा वर्षांची होते तेव्हा आई आणि मी तीन आठवडे बाबांच्या जहाजावर होतो. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या काचेच्या खोलीत, मी बसायचे. एकदा तिथे एक अगदी नवा ऑफिसर पाळीवर होता, आणि समोर खूप होड्या होत्या. बाबा वर आले आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता बाबा चालवणार, कॅप्टन आहेत ना. पण ते नुसते उभे. तो ऑफिसर घामाघूम. बाबांनी हात पाठीमागे एकमेकांत धरलेले, आणि बोटं पांढरी झालेली मला दिसत होती. होड्या गेल्या. मग बाबा खाली आले. मी विचारलं, तुम्ही का नाही घेतलं? तर म्हणाले, जहाजावरचा नियम आहे. पाळीवर जो ऑफिसर आहे, जहाज त्याचं. कॅप्टन वर आला, मागे उभा राहिला, तरी जहाज त्याचंच. कॅप्टनला घ्यायचं असेल तर त्याने तोंडाने सांगायचं, 'आता मी घेतलं,' सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोपर्यंत नाही. नाहीतर दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय, आणि जहाज कोणाच्याच हातात नसतं."

मी म्हटलं, "बरं. मग?"

"मग बाबा म्हणाले, हा नियम त्यांना पास्कलकाकांच्या एका नातेवाईकाने सांगितला होता, जहाजावर खलाशी होते ते. कॉलेजात असताना. आणि त्या एका नियमासाठी ते गेले." ती काउंटरवरून उतरली. "म्हणाले, दुकानात सौदा कधी माझा असायचा आणि कधी ताईचा व्हायचा, मला कळायचंच नाही. ताई मागून यायची. सौदा जमला की ताईचा, फिसकटला की माझा. मला अशी एक जागा पाहिजे होती, जिथे माझ्याकडून घेताना समोरचा सांगून घेतो."

दुकानात पंखा फिरत होता. तो अजूनही आवाज करतो... मी भडकले, हे सांगायला नको. "हे तुला सांगितलं, अकरा वर्षांच्या पोरीला? आणि माझ्याकडे तीस वर्षं नुसता चहा पिऊन गेला? मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू घासाघीस केली असतीस."

"केलीच असती! त्याचं एक म्हणणं, माझी दहा असती. मी त्या बाईला टाकी विकली नसती तर त्या महिन्यात..."

"बघ," सई म्हणाली. मग म्हणाली, "अजून एक म्हणाले होते. कॅप्टन झाल्यावर सगळ्यात अवघड काम मागे उभं राहायचं. म्हणाले, मी उभा असतो, हात शिवशिवतात, आणि ताई आठवते. तिला काय होत असेल ते आता कळतं."

मी तिला घरी पाठवलं. शटर अर्धं ओढून बसले. मला रडू आलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला लिफ्ट आठवली.

लिफ्टचं असं झालं. हेमंतच्या सोसायटीची लिफ्ट बिघडली तेव्हा तिथले सेक्रेटरी माझ्याकडे आले. दुरुस्तीवाल्याचा आकडा त्यांना फार वाटत होता. अख्ख्या मीरा-भाईंदरला ठाऊक आहे की भाव पाडायचा तर मला न्यायचं. मी गेले, दुरुस्तीवाल्याला उभं केलं, थोडा खाली आणला आणि सांगितलं, अजून उतर, नाहीतर आम्ही थांबू. सेक्रेटरींना म्हटलं, "मी बघते." मग लग्नसराई सुरू झाली. दुरुस्तीवाल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, आता सोसायटीशी बोल. सोसायटीने त्याला सांगितलं, ताईंनी हातात घेतलंय. तो तयार होता, अगदी मी सांगितलेल्या भावाला तयार होता. असे पंधरा दिवस गेले. त्यांना वाटत होतं मी बघतेय. मला वाटत होतं ते बघतायत. माझा भाऊ सुट्टीवर होता, रोज भाजी आणायला सात मजले उतरत आणि चढत होता, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं की नसा आधीपासूनच भरत आल्या होत्या, सपाट रस्त्यावरही झालं असतं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही. लिफ्टचं हे वृषालीला मी अजून तोंडाने सांगितलेलं नाही. तिला हे इथे वाचायला मिळेल. दर वर्षी तब्येतीची तपासणी करून कागद घेणाऱ्या हेमंतचा मला राग येतो, त्याच्या डॉक्टरांचा येतो, सेक्रेटरींचा येतो. आणि आरशात जी दिसते तिचा किती येतो, ते लिहिण्याएवढी जागा इथे नाही.

गेल्या रविवारी दुपारी वृषालीने बोलावलं. लिफ्ट आता चालू आहे. मी जिन्याने गेले. सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत माझी छाती भात्यासारखी चालत होती. टेबलावर फॉर्म, त्यावर पेन. एका खुर्चीत सई, दुसरीत वृषाली. हेमंतची खुर्ची रिकामी होती, मी तिच्यात बसले नाही, तिच्या पाठीला हात टेकून मागे उभी राहिले. वृषाली म्हणाली, "सांगा तिला, ताई."

माझ्याकडे सगळं तयार होतं, दोन्ही बाजूंचं. जाऊ नको हे पटवणारं, आणि जाऊ दे हे पटवणारं सुद्धा. त्या टेबलावरचा सौदा मला दोन मिनिटांत कुठल्याही बाजूला फिरवता आला असता, हे मला अंगात ताप जाणवावा तसं जाणवत होतं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि म्हटलं, "वृषाली, हे मी घेत नाही. हे तुमचं दोघींचं आहे."

"म्हणजे?" ती उसळली. "आयुष्यभर सगळ्यांच्या मध्ये बोललात. माझ्या लग्नाच्या साडीचा रंग तुम्ही ठरवलात. आणि आज मला गरज आहे तर गप्प?"

"हो."

"मग आलात कशाला?"

"उभी राहायला."

ती माझ्यावर बरंच काही बोलली. ते सगळं खरं होतं, आणि एकेका वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि मी ते गिळलं. एवढं कष्टाचं काम मी त्या पिशव्या घेऊन जिने चढतानाही केलेलं नाही. मग ती माझ्याकडे बघायची थांबली आणि पोरीकडे वळली. दोघी बोलत राहिल्या, कधी ओरडून, कधी हळू आवाजात. वृषालीने विचारलं, एकटी पडलीस तर? सई म्हणाली, पडेन, तुला फोन करेन. वृषाली म्हणाली, मी इथे एकटी पडेन त्याचं काय? याला सईकडे उत्तर नव्हतं आणि तिने ते शोधलं पण नाही. मला ते आवडलं. शेवटी वृषालीने पेन घेतलं. सही केली.

त्या घरात हेमंतने एक सवय लावून ठेवलीय. जहाजावर कोणी काही सांगितलं की ऐकणाऱ्याने आधी ते मोठ्याने परत म्हणायचं, मग करायचं, आणि झालं की झालं म्हणून सांगायचं. हा घरीही तेच करायचा. वृषाली म्हणायची, दूध बंद कर. हा म्हणायचा, दूध बंद करतो. मग ओट्यापाशी जाऊन, दूध बंद केलं. मी त्याची नक्कल करून दुकानात बायकांना पोट धरून हसवलंय.

वृषालीने फॉर्म सईकडे सरकवला. "बुधवारी डोळ्यांची तपासणी आहे ना? मी येणार. आत नाही येणार. बाहेर बसणार."

"आई येणार," सई म्हणाली. "आत नाही. बाहेर बसणार."

तोच सूर, तोच मध्ये थांबायचा ठेका. वृषालीने एकदम तोंड फिरवलं आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, माझ्याच दुकानातली भांडी. मग ती आतून म्हणाली, आवाज अजून रागातलाच, "ताई, पोहे टाकतेय. कांदा चिरून द्या."

एरवी मी सांगितलं असतं की पोहे नको, उपमा कर, आणि कांदा किती ते मी बघते. मी आत गेले, सुरी घेतली.

"कांदा चिरते," मी म्हणाले.

चिरून झाल्यावर, झाला म्हणूनही सांगितलं.